परत आलेलं ताट

सोमवार, ता. ४

अगं, आधी तुझा गुडघा कसा आहे ते सांग. जिना उतरताना कठडा धरतेस ना? थोरल्याचा खोकला थांबला का, की अजून कामावरून घसा खरवडतच घरी येतो? सूनबाईचं डोकं अजून दुखत असेल तर तिला दुपारचं निजू दे, भांडी कुठे पळून जात नाहीत. चिमणीचे पुढचे दोन दात पडले होते, ते आले का? शेजारच्या घड्याळजींच्या डोळ्यांचं काय झालं? आणि ते लंगडं मांजर अजून आपल्याच उंबऱ्यावर ठाण मांडून असतं का?

मी ठणठणीत. सगळ्यांचं विचारून झालं, पण उत्तर कोण देणार? बोट येईल तेव्हा टपाल, आणि बोट कधी येईल हे वाऱ्याला आणि शत्रूला विचारावं लागतं. म्हणून ही वही. तुझ्याशी बोलल्यासारखं लिहितो. अक्षर थोरल्याच्या पाटीवर त्याच्याच बरोबर गिरवलेलं, तेव्हा जे काय आहे ते हेच. चुका चिमणीला दाखवू नकोस, आजोबाचा मान जाईल.

हे बेट म्हणजे समुद्रात कुणीतरी विसरलेला खडक. वर एक खोपटं, एक कोठार, टेहळणीचा मनोरा, तारायंत्राचा खांब आणि पावसाच्या पाण्याची टाकी. बाकी सगळे समुद्रपक्षी आणि त्यांची घाण. माणसं आम्ही चार. एक साहेब, ठाण्याचे प्रमुख. गालावर कानापासून हनुवटीपर्यंत मिशा, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना गलमिशा म्हणतात. दुसरा तारवाला, बोलायला लागला की थांबत नाही, यंत्रावर मात्र दोन शब्दांत आटपतो. तिसरा दुर्बीणवाला, क्षितिजावरची बोट ओळखेल पण समोरचं मिठाचं भांडं सापडत नाही. चौथा मी. खानावळ बंद पडली, तरुण स्वयंपाकी सगळे फौजेत गेले, मग साठी उलटलेल्या म्हाताऱ्यालाही भाव आला. सगळे मला मामा म्हणतात.

गुरुवार, ता. ७

आज दुपारी दुर्बीणवाल्याने चार विमानं पाहिली. त्याने वरून आकडा आणि दिशा ओरडून सांगितली, साहेबांनी कागदावर लिहिली, तारवाल्याने पाठवली, आणि तेवढ्यात माझी मुगाची आमटी करपली. युद्ध म्हणजे इथे एवढंच. कोपऱ्यातली बंदूक आजवर कुणावर झाडलेली नाही. मी साहेबांना विचारलं, आपण इथे बसून नक्की करतो काय? ते म्हणाले, "मामा, आपण डोळा आहोत. डोळ्याचं काम मारामारी करणं नाही, उघडं राहणं." मला पटलं. आमटी मात्र कोणी खाल्ली नाही.

संध्याकाळी तारेवर बातमी आली. या समुद्रातल्या ठाण्यांवर सलग सहा महिने काढणाऱ्या शिपायांना मोहिमेचं मेडल मिळणार. मला नाही, मी शिपाई नाही. या तिघांचे सहा महिने या महिन्याच्या अखेरीस पूर्ण होतात. दुर्बीणवाल्याने लगेच डब्याचा पत्रा छातीला लावून मनोऱ्यावर कवायत केली. तारवाला म्हणतो, मेडल दिसल्याशिवाय मुलीचा बाप लग्नाचं बोलायला तयार नाही. जेवण झाल्यावर साहेबांनी बातमी पुन्हा वाचून घेतली. मग स्वतःच सांगायला लागले.

त्यांचा धाकटा भाऊ आरमारात. त्याच्या छातीवर दोन मेडलं. साहेबांची नोकरी वीस वर्षांची, पण जिथे जिथे बदली झाली तिथून युद्ध नुकतंच निघून गेलेलं, नाहीतर आलेलंच नाही. ब्लँकेटं मोजली, पूल राखले, कोठाराची किल्ली सांभाळली. भाचीच्या लग्नात फोटो काढताना फोटोवाल्याने धाकट्याला मधे खुर्चीवर बसवलं आणि साहेबांना हाताने सरकवून कडेला उभं केलं. "आईने तो फोटो दाराजवळ लावलाय," म्हणाले. "घरात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, कडेला उभा तो कोण."

दुर्बीणवाल्याने छातीवरचा पत्रा हळूच काढून ठेवला.

सोमवार, ता. ११

आमच्या हजेरीची गंमत तुला सांगायची राहिली. रोज सकाळी चहाच्या आधी साहेब आम्हाला खोपटासमोर रांगेत उभं करतात आणि एकेकाची तब्येत विचारतात. डोकं, पोट, दात, झोप. नियम एकच, हजेरीत खोटं बोलायचं नाही. दात दुखत असेल तर दुखतो म्हणायचं. इथे दवाखाना नाही, लपवलेलं दुखणं सगळ्या ठाण्याला महागात पडतं. मग ते सगळं एक-दोन शब्दांत तारेने वर जातं. "ठीक" किंवा "ठीक नाही". तारेवर जास्त बोललं तर शत्रूला आपली जागा कळते, म्हणून एवढंच. आजवर "ठीक" शिवाय दुसरा शब्द गेला नाही, असं तारवाला सांगतो. मी सांधेदुखीचं सांगितल्यावर साहेबांनी तेलाची बाटली काढून दिली होती. नाकावर माशी बसू देत नाहीत, पण माणूस वाईट नाही.

शुक्रवार, ता. १५

काल रात्रीचं आणि आज दुपारचं, साहेबांचं ताट दोन्ही वेळा अर्ध्यातून परत आलं. उकडलेले बटाटे आणि डब्यातले मासे. तेच मासे दुर्बीणवाल्याने बोटं चाटून खाल्ले. मी काही विचारलं नाही. खानावळीत चाळीस वर्षांत माझं ताट परत आलं ते फक्त त्या पोस्टमास्तरचं, आणि त्याची बायको पळून गेली होती.

शनिवार, ता. १६

आज मिरी जास्त घातली. साहेबांनी दोन घास खाल्ले, कपाळावर घाम आला, "छान आहे, मामा" म्हणाले आणि उठले. छान असतं तर उठले असते का?

एक बरं झालं, ओरडणं कमी झालंय. सकाळी दुर्बीणवाला हजेरीला उशिरा आला तरी नुसतं बघितलं. तारवाला म्हणाला, मेडलची चाहूल लागली की माणूस मऊ होतो. आणि दुसरी गंमत, साहेब आता एक हात पोटाशी धरून उभे राहतात, जुन्या फोटोतल्या मोठ्या माणसांसारखे. मेडल घेतानाची तालीम चाललीय म्हणून दुर्बीणवाला हसून हसून बेजार. मीही हसलो.

रविवार, ता. १७

चालतानाही आता वाकून चालतात, नजर जमिनीवर. काहीतरी हरवलंय, नक्की. अंगरख्याचं बटण असणार, कारण मेडलच्या दिवशी बटण नसलं तर यांची झोप उडेल. मी दुपारी खोपटापासून कोठारापर्यंत खडक अन् खडक बघितला. पितळेचं एकही बटण नाही. त्यांच्या पेटीजवळून जाताना बघितलं, तर अंगरख्याची सगळी बटणं जागेवर. मग काय शोधतात कोण जाणे.

सकाळी कोठाराच्या मागे ओकल्याचा आवाज आला. मी धावत गेलो तर साहेब तोंड पुसत म्हणाले, पक्ष्यांच्या वासाने मळमळलं. वासाचं खरंच आहे. पण माझ्या मनात पाल चुकचुकली, की कालच्या मिरीनेच केलं असेल. पोट साफ नसेल म्हणून संध्याकाळी वाटीभर एरंडेल गरम करून दिलं. त्यांनी वाटी घेतली, बाहेर गेले, रिकामी आणून ठेवली. आता उद्या सकाळी भूक लागेल.

सोमवार, ता. १८

भूक कसली लागते. सकाळची पेज तशीच. दुपारचा भात तसाच. रात्री तर ताट घेतलंच नाही, पाणी पिऊन आडवे झाले, तोंड भिंतीकडे. दुर्बीणवाला म्हणतो, मामा, तुमच्या हातचा त्यांना कंटाळा आला, हिंमत करून विचारा. मला झोप लागत नाही. तुला माहीतच आहे, कुणी माझ्या अन्नाला नाव ठेवलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्याहून वाईट म्हणजे न सांगता ताट परत करणं. ठरवलं, उद्या हजेरीतच विचारायचं. तिथे खोटं बोलता येत नाही, हा त्यांचाच नियम.

मंगळवार, ता. १९

आता संध्याकाळ झालीय. सगळं सावकाश लिहितो.

सकाळी रांगेत उभे राहिलो. साहेब समोर, खांबाला टेकून. दुर्बीणवाला ठीक. तारवाला ठीक, फक्त कानात दडा. मी ठीक. साहेब वळणार तेवढ्यात मी म्हटलं, "साहेब, एक राहिलं. तुमचं."

दुर्बीणवाला तोंडावर हात ठेवून हसला.

"हजेरी संपली, मामा."

"माणसं चार, जबाब तीन. संपली कशी?"

"मी घेणारा आहे. घेणाऱ्याची हजेरी कोण घेणार?"

"आज मी घेतो. म्हातारा आहे, नोकरीवरून काढलंत तरी चालेल. माझ्या स्वयंपाकात काय वाईट आहे ते एकदा तोंडावर सांगा. चार दिवस ताट परत येतंय. आणि हजेरीत खोटं बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

मला वाटलं आता झाडणार. त्यांनी टेकलेला खांब हाताने धरला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. पीठ लावल्यासारखा पांढरा, आणि गलमिशांमधून घाम ओघळत होता.

"मामा, तुमच्या स्वयंपाकात काही वाईट नाही," ते म्हणाले. "माझ्या पोटात दुखतंय. उजवीकडे, खाली. चार दिवस झाले. कालपासून पाय सरळ होत नाही."

तारवाल्याने खिशातून पेन्सिल काढली, पण लिहीना. "पाठवू, साहेब?" त्याने विचारलं. "महिना संपायला अजून बारा दिवस आहेत."

"जे ऐकलंस ते पाठव," साहेब म्हणाले आणि खाली बसले. बसले म्हणजे पायच दुमडले त्यांचे.

"ठीक नाही" गेलं. मग नियम मोडून तारवाल्याने आणखी चार ओळी पाठवल्या, शत्रू ऐको नाहीतर न ऐको. उत्तर आलं की आतड्याची शेपटी सुजलीय असं दिसतं, बोट निघतेय, तोपर्यंत काही खायला द्यायचं नाही, शेक द्यायचा नाही, आणि रेचक तर अजिबात नाही, आतडं फुटेल. रेचक म्हणजे काय ते मी विचारलं. तारवाला म्हणाला, एरंडेल. मी साहेबांच्या खाटेपाशी जाऊन बसलो, हातात तीच वाटी. त्यांनीच ओळखलं. म्हणाले, "मामा, तुमचं एरंडेल मी खडकावर ओतलं. माझ्या मामेभावाचं असंच झालं होतं, त्याला दिलं होतं एरंडेल. वाचला नाही." म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरीही ते बारा दिवस काढायला निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदा, अगं, माझं दिलेलं कुणी फेकून दिलं म्हणून मला आनंद झाला.

दिवसभर त्यांच्या ओठांना ओला कपडा लावत बसलो. मधेच म्हणाले, "बारा दिवसच होते, मामा." मी म्हटलं, "बाराव्या दिवशी मेडल लावायला छाती तरी हवी ना." हसले, आणि हसल्यावर पोट धरून कण्हले, मग मीच स्वतःला शिव्या दिल्या.

बोट दुपार टळल्यावर आली. लाटा मोठ्या होत्या. कोठाराचं दार बिजागरीतून काढलं, त्यावर साहेबांना बांधलं आणि कड्यातल्या पायऱ्यांनी उतरवलं. पुढे दुर्बीणवाला, मागे तारवाला, कडेला मी डोक्याखाली हात धरून. जो माणूस मिठाचं भांडं शोधू शकत नाही त्याने एकही पायरी चुकवली नाही. बोटीत ठेवताना साहेब म्हणाले, "दार परत बसवा, नाहीतर उंदीर शिरतील."

दार परत बसवलं. उंदीर आधीच शिरले होते.

बुधवार, ता. २०

जीव भांड्यात पडला. सकाळच्या तारेवर आलं, शस्त्रक्रिया झाली, रोगी शुद्धीवर. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर फुटलंच असतं. तारवाल्याने वाचून दाखवलं आणि दुर्बीणवाला मनोऱ्यावर चढून वाऱ्याला जे काही ओरडला ते वहीत लिहिण्यासारखं नाही. मी पुरतं अर्धं पोतं बटाटे सोलले, कुणी सांगितलं नव्हतं. तिघांनी मिळून खाल्ले तरी उरले. तारवाला म्हणाला, मामा, आता उद्यासुद्धा बटाटे. म्हटलं, परवासुद्धा.

आता हजेरी तारवाला घेतो, कारण तो नोकरीत जुना. मी त्याला सोडत नाही, त्याचीही घेतो. कानातला दडा अजून आहे म्हणतो. कोमट तेल घातलंय. कानात चालतं ना ते, तारेवर डॉक्टरला विचारून घेतलं.

शुक्रवार, ता. २२

साहेबांच्या मेडलचं विचारणारी तार तारवाल्याने आपणहून पाठवली होती. उत्तर आलं. आजारपणामुळे ठाणं सोडलेल्याचे महिने धरत नाहीत, जखमी झाला असता तर धरले असते. दुर्बीणवाला चिडला. शत्रूने नाही केलं, आतड्याने केलं, एवढाच काय तो फरक, म्हणाला. मग त्याने जाहीर केलं की तो स्वतःचं मेडल घेणार नाही. तारवाल्याने त्याला वेडा म्हटलं, पण हळू आवाजात.

आज विमानं नाहीत. दूर एक मोठा जहाजांचा ताफा गेला, आपला. दुर्बीणवाल्याने वाट मोकळी असल्याचं कळवलं होतं म्हणून तो या बाजूने गेला, असं तारवाला म्हणाला. मी मनोऱ्यावर चढून त्यांना बघितलं. एवढी माणसं त्या जहाजांवर, आणि एकालाही ठाऊक नाही की आम्ही इथे आहोत. मला ते बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

रविवार, ता. २४

आज हजेरीच्या वेळेलाच यंत्र वाजलं. इस्पितळातून, साहेबांकडून. तिकडच्या तारवाल्याशी आमच्या तारवाल्याची ओळख आहे, म्हणून इकडचं तिकडे कळतं, आणि हे आलं. जसं आलं तसं लिहितो.

"पोटाला टाके. ताप नाही. भूक आहे. खरं सांगतोय. मेडल कुणी नाकारू नये, हुकूम."

दुर्बीणवाल्याने दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, हुकूमच असेल तर काय करणार. मी मात्र "भूक आहे" एवढ्यावरच अडकलोय. पुन्हा पुन्हा वाचून घेतो. तारवाला वैतागलाय, पण वाचतो.

दुर्बीणवाला तारवाल्याला विचारत होता, मग आता साहेब घरी गेल्यावर त्यांना काय मिळणार? तारवाला म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, जेवायला मिळेल. दोघंही हसले, पण मी हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

सोमवार, ता. २५

बोट खाली लागलीय. नवे साहेब वर येताहेत, तरुण दिसतात, मिशी नाही. टपालाची पिशवी खाली बोटीत जाण्याआधी ही पानं वहीतून काढून तुला पाठवतोय. म्हटलं, तुला सगळं क्रमाने कळावं.

आता ऐक. साहेबांना ठेवलंय ते इस्पितळ आपल्याच गावातलं, कालव्यापलीकडचं मोठं, जिथे थोरल्याचा हात जोडला होता. त्यांची माणसं फार लांब, कुणी इतक्यात येणार नाही. तू जाऊन भेट. जिना उतरायचा असेल तर सूनबाईला बरोबर घे. डॉक्टरांना आधी विचार, मग मऊ भात आणि पातळ डाळ ने, मिरी अजिबात नको, मीठ अर्धं. चिमणीला ने, ते तिला घाबरवणार नाहीत, मिशांवर भाळेल ती. मेडलचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर ऐकून घे, मधे बोलू नकोस.

आणि उत्तर लवकर लिही. ही बोट तिकडच्या बंदरातून परत फिरायला दोन-तीन दिवस लागतात, तिच्याच हाती दे, पुढची कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही. गुडघा, खोकला, दात, सगळं लिही, पण आधी त्यांनी काय खाल्लं ते लिही.